पहिली हाफ मॅरेथॉन: पुणे की मुंबई? कोल्हापुरात सराव करणाऱ्यांसाठी

रंकाळ्याला फेऱ्या मारून दहा किलोमीटर अंगवळणी पडले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: २१.०९७५ किलोमीटरची पहिली हाफ कुठे पळायची? मोठ्या शहरातच पळायचं असेल तर कोल्हापूरकराला सोयीच्या दोन शर्यती आहेत. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, परंपरेनं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणारी. मुंबई मॅरेथॉन २००४ पासूनची, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पहिली पुण्यात, दुसरी मुंबईत. काहींनी हा क्रम उलटा करावा, तेही पुढे येईलच.

(साताऱ्याची हिल हाफ जवळची आणि नावाजलेली, पण यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा म्हणजे मांड्यांची वेगळीच परीक्षा. पहिल्यांदा नको.)

सराव कधी पडतो

दहा किलोमीटर आरामात पळणाऱ्याला हाफसाठी १२ ते १४ आठवडे लागतात. आठवड्यातून चार दिवस पळायचं, त्यातला एक दिवस लांब. लांब पल्ला दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरनं वाढवायचा, दर चौथ्या आठवड्यात तो एक तृतीयांशानं कमी करायचा आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी १८ किलोमीटरवर थांबायचं. सरावात २१ पळून बघायची गरज नाही. त्यातून सावरण्यातच शेवटचे आठवडे जातात.

आता हे आठवडे कॅलेंडरवर टाकून बघा. पुण्यासाठी सुरुवात सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे आपल्याकडचा पाऊस पुरता सरलेला नाही, आणि गणपती, नवरात्र, दिवाळी असे सगळे सण बहुधा सरावाच्या काळातच येतात. मंडळात रात्री जागणाऱ्यानं रविवारी पहाटे १४ किलोमीटर पळण्याचं स्वप्न बघू नये. बारापैकी तीन लांब पल्ले हुकले तर शर्यतीत १५ किलोमीटरनंतर पाय जड पडतात. मुंबईसाठी सुरुवात ऑक्टोबरमध्ये होते आणि १६-१८ किलोमीटरचे मोठे रविवार डिसेंबरात येतात. कोरडी थंडी, वर्षातले पळायला सगळ्यात चांगले दिवस. सरावाच्या बाबतीत मुंबई उघड पुढे आहे.

फक्त तेव्हा उसाचा हंगाम सुरू असतो. पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेले. बैलगाडीला तर दिवाच नसतो. त्यामुळे अंधारातला लांब पल्ला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात किंवा रंकाळ्याभोवतीच पळावा. रस्त्यावर जायचंच असेल तर उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं. रंकाळ्यावर एकाच दिशेनं फिरत राहिलात तर एकाच पायावर ताण येतो. दोन फेऱ्यांनंतर दिशा बदला.

हवा, आणि म्हणूनच आमचं मत

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, कोल्हापूरही जवळपास तेवढ्याच उंचीवर. डिसेंबरातली पुण्याची पहाट आपल्यापेक्षा थोडी थंडच. ज्या हवेत सराव केला त्याच हवेत शर्यत. मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते. घाम गळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. त्वचेकडे जादा रक्त पाठवायला हृदयाला जास्त काम करावं लागतं, आणि कोल्हापुरात सहज वाटणाऱ्या वेगात तिथे दम लागतो.

आकड्यांत सांगायचं तर २ तास १५ मिनिटांची हाफ म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. हा वेग कोल्हापुरात जमत असेल तर मुंबईत ६:३५ ते ६:४० धरून निघा. ६:४० नं साधारण २ तास २१ मिनिटं होतात, ती पहिल्या शर्यतीला वाईट नाहीत. मुंबईची हाफ पहाटे पाचच्या सुमारास सुटते आणि जानेवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. सव्वादोन तासांत संपवणाऱ्याची जवळजवळ सगळी शर्यत उन्हाआधी होते. तीन तास लागणाऱ्याचे शेवटचे चार-पाच किलोमीटर उन्हात जातात, आणि नेमके तेव्हाच पाय संपलेले असतात. संथ पळणाऱ्याला आम्ही आधी पुणे सांगतो ते यासाठी.

दमट हवेत आणखी एक त्रास म्हणजे कातडी सोलवटणं. काखा, मांड्यांच्या आतली बाजू, पुरुषांची स्तनाग्रं: व्हॅसलीन लावा, स्तनाग्रांवर चिकटपट्टी. सुती बनियन घरीच ठेवा.

रस्ता

पुण्याची शर्यत सणस मैदानाजवळ सुटते आणि तिथेच परत येते. रस्ता आपल्या ओळखीचा, किंचित चढ-उताराचा. सांगण्यासारखं फार नाही.

मुंबईचं आकर्षण वेगळं. माहीमच्या रेती बंदरावरून सुटून वांद्रे-वरळी सी लिंकवरून दक्षिण मुंबईकडे यायचं. एरवी त्या ५.६ किलोमीटरच्या पुलावर पायी जाता येत नाही. पण पुलावर प्रेक्षक नसतात, वारा असतो, आणि सुरुवातीच्या गर्दीतून सुटल्याच्या आनंदात बरेच जण इथेच वेग वाढवून बसतात. पुढे चढ आला की त्याची वसुली होते. मार्गात अधूनमधून बदल होतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा बघूनच चढ कुठल्या किलोमीटरला आहे ते पाठ करा. मुंबईच्या चढासाठी दर आठवड्याला जोतिबाचा घाट नको. उतारावर मांड्यांचे स्नायू दुखावतात. विद्यापीठातला एखादा चढ सहा वेळा, आठवड्यातून एकदा, एवढं पुरे.

शनिवार

बरेच बाहेरगावचे धावपटू शर्यत शनिवारीच हरतात. दोन्हीकडे बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आदल्या दिवसापर्यंत स्वतः जाऊन घ्यावा लागतो हे धरूनच बेत आखा.

पुण्याला एसटीनं स्वारगेट गाठलं की सणस मैदान चालत जाण्याजोगं आहे, मुक्कामही त्याच भागात करता येतो. अंतर सुमारे २३० किलोमीटर, पण महामार्गाच्या रुंदीकरणात किती वेळ जाईल याचा नेम नाही. शनिवारी सकाळी लवकर निघा, दुपारी नको.

मुंबईला शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, शनिवारी सकाळी पोहोचायचं, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) शर्यतीच्या एक्स्पोत, म्हणजे प्रदर्शनात, जाऊन बिब घ्यायचा आणि तासाभरात बाहेर पडायचं. तिथे चार तास बुटांचे स्टॉल बघत फिरणाऱ्याचे पोटरीचे स्नायू रविवारी कुरकुरतात. मुक्काम दादर-माहीम पट्ट्यात. शर्यतीच्या पहाटे जादा लोकल सोडल्या जातात, तरी अंधेरीच्या पलीकडे राहाल तर झोप अडीचलाच मोडेल.

रात्रीचं जेवण दोन्हीकडे सारखंच: वरणभात, बटाट्याची भाजी, दही. तांबडा-पांढरा सोमवारी. शर्यतीआधी दोन तास केळं आणि जॅम लावलेले दोन ब्रेडचे तुकडे. वाटेत दर ३५-४० मिनिटांनी एक एनर्जी जेल (पाकिटातलं साखरेचं घट्ट पाकासारखं मिश्रण) किंवा दोन खजूर, पण पाण्याच्या टेबलाच्या थोडं आधी, म्हणजे लगेच घोटभर पाणी मिळतं. आपला गूळ चांगलाच, पण कोरड्या तोंडात तो विरघळत नाही. यातलं काहीही शर्यतीत पहिल्यांदा खाऊन बघू नका.

मुंबई आधी कुणी पळावी

सणांच्या दिवसांत सराव होणारच नाही असं ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्यानं. दहा किलोमीटर तासाच्या आत पळणाऱ्यानं, कारण त्याला उन्हाची फारशी चिंता नाही. आणि गर्दी बघून ज्याच्या अंगात येतं त्यानं. मरीन ड्राइव्हसारखा आरडाओरडा पुण्यात मिळत नाही. मात्र मुंबईच्या नोंदणीत आधीच्या शर्यतीच्या वेळेचं प्रमाणपत्र मागितलं जातं, म्हणून घड्याळ लावलेली एखादी १० किलोमीटरची शर्यत पावसाळ्याआधीच उरकून ठेवा.

परतीला मुंबई सोयीची. शेवट सीएसएमटीच्या जवळच होतो आणि रात्रीची महालक्ष्मी तिथूनच सुटते. खालचा बर्थ मात्र तिकीट काढतानाच मागा, रविवारी रात्री वरच्या बर्थवर चढणं जमत नाही. पुण्याहून एसटीनं येताना मधल्या वाटेच्या बाजूची, म्हणजे पाय लांब करता येतील अशी सीट घ्या आणि साताऱ्याला गाडी थांबली की उतरून पाच मिनिटं चाला, नाहीतर कोल्हापूरच्या स्टँडवर पायऱ्या उतरताना दांडा धरावा लागतो.