क्रिटिकल पाथ झकास काढतं, फ्लोटच्या बाबतीत मात्र कच्चं

टू-डू लिस्टवाली ॲप ढिगाने पडलीयेत, मला फक्त एवढंच बघायचं होतं की कुठलं काम लांबलं की अख्खं प्रोजेक्ट लांबतं (अशा कामांची साखळी म्हणजेच क्रिटिकल पाथ), आणि ते हे ॲप चोख दाखवतं. कामं टाका, दिवस टाका, कशानंतर काय ते जोडा, की पुढून-मागून हिशोब करून ज्यांचा फ्लोट (म्हणजे प्रोजेक्ट न लांबवता काम किती दिवस रेंगाळू शकतं ते) शून्य ती कामं लाल. पद्धत जुनीच आहे म्हणा, ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड कंपनीवाल्यांनी 1950 च्या दशकात युनिव्हॅक कॉम्प्युटरवर बसवलेली, आता ती खिशात आलीये इतकंच.

मी घरदुरुस्तीचा प्लॅन टाकून बघितला. तोडफोड 3 दिवस, मग प्लंबिंग 4 आणि वायरिंग 2 एकदमच चालू, दोन्ही झाल्यावर प्लास्टर 5, शेवटी रंग 4. एकूण 16, वायरिंग सोडून सगळं लाल. म्हटलं प्लंबिंगला माणसं वाढवू, 4 चा 1 केला, म्हणजे 3 दिवस वाचायला हवेत ना, तर एकूण आलं 14, दोनच वाचले! कारण प्लंबिंग आटोपलं तरी प्लास्टरवाला वायरिंगसाठी थांबणारच, आणि लाल रेघ लगेच वायरिंगवर सरकली. हे आकडा बदलल्या बदलल्या दिसतं, यासाठीच ॲप घ्यावं.

आता रडगाणं. वायरिंगचे मी दोन तुकडे केले, पाइप टाकणं 1 आणि वायर ओढणं 1, तर प्लंबिंग 4 असताना दोघांसमोरही फ्लोट 2 लिहून येतो. अहो पण तो दोघांत मिळून 2 आहे, पाइपवाल्याने दोन्ही दिवस खाल्ले की वायरवाल्याकडे शून्य! फ्री फ्लोटचा (म्हणजे पुढच्या कामाला धक्का न लावता किती दिवस रेंगाळता येतं त्याचा) वेगळा कॉलम असता तर हे कळलं असतं, तो नाहीच. दुसरं म्हणजे प्लंबिंग आणि वायरिंग एकच माणूस करणार असेल तर खरे 18 दिवस लागतात, ॲप 16 च सांगत राहतं कारण माणसांचा हिशोब ते धरतच नाही, मग आपणच एकामागे एक जोडायचं. प्लास्टर सुकायला लागणारे दिवस लॅग म्हणून टाकता येतात, ते बरंय.

आणि क्रिटिकल कामं फक्त रंगाने ओळखायची, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून साइटवर चिकटवली की सगळ्या पट्ट्या सारख्याच करड्या, तिथे निदान जाड रेघ तरी द्या. सध्या साडेतीन स्टार.