बाळाचं लोह: ड्रॉप्समधून की जेवणातून?

बाळाचं हिमोग्लोबिन कमी आलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ड्रॉप्स आणा. दुसरा म्हणतो, एवढ्याशा जिवाला औषध कशाला, खाण्यातून भरून काढू. माझं मत आधीच सांगते: कमतरता टाळायची असेल तर जेवण, रक्तक्षय झालाच असेल तर ड्रॉप्स, जेवण सोबतीला.

हिशेबच बघा. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा चार-सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह उत्तम शोषलं जातं, पण असतंच थोडं. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं. मोठ्या पुरुषाला ८! म्हणून वरचं अन्न सुरू करतानाच मांस, अंडी, डाळी, लोहयुक्त सिरियल हवं. मांसातलं लोह सहज शोषलं जातं. डाळी-भाज्यांमधलं कमी, पण सोबत आंबट फळ दिलं की बरंच सुधारतं. पालकाचा मात्र उगाच बोलबाला आहे. त्यातलं बहुतेक लोह शरीराला मिळतच नाही.

रक्तक्षयात उपचाराची मात्रा असते दर किलो वजनामागे दिवसाला ३ ते ६ मिलिग्रॅम. म्हणजे नऊ किलोच्या बाळाला किमान २७. इवल्याशा वाटीतून एवढं लोह कुठून जाणार? ड्रॉप्स लागू पडले तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने चढतं. पण तिथेच थांबू नका, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. शी काळी होते, दातांवर डाग दिसतात. दोन्हींची काळजी नको. बाटली मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, जास्त लोह जिवावर बेततं.

कोणते ड्रॉप्स? २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८० लहान मुलांवरच्या चाचणीत फेरस सल्फेट या साध्या लोहक्षाराच्या ड्रॉप्सनी पॉलिसॅकराइड प्रकारापेक्षा (यात लोह साखरेच्या लांब साखळीशी जोडलेलं असतं) हिमोग्लोबिन जास्त वाढवलं. बाटली बदलली तर मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या, कारण प्रत्येकीत लोहाचं प्रमाण वेगळं असतं.

दोन्ही बाजूंचा खरा शत्रू दूध. वर्षाच्या आत गाईचं दूध नकोच, नंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरे. पोट दुधानेच भरलं तर जेवण मागे पडतं, आणि ड्रॉप्स दुधासोबत दिले तर लोह नीट शोषलं जात नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत हा वाद घालूच नका. लोहाचा साठा मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. त्याला डॉक्टर ड्रॉप्स लवकरच सुरू करतात.