क्लाउडफ्लेअर रजिस्ट्रार: आपले डोमेन इथे किती सुरक्षित?

डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव, कुठून घ्यायचे हे ठरवताना बहुतेक जण पहिल्या वर्षाची किंमत पाहतात. छोटे व्यावसायिक आणि संस्था यांच्या वेबसाइट सांभाळताना मी मात्र आधी एवढेच पाहतो, की उद्या कोणी हे डोमेन परस्पर स्वतःच्या ताब्यात घेऊ लागला, तर त्याला कुठे कुठे अडवले जाईल. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या रजिस्ट्रार सेवेचे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या सेवेचे, हे परीक्षण त्याच अंगाने केले आहे.

ही भीती काल्पनिक नाही. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचे जुने आणि नावाजलेले पर्ल डॉट कॉम हे डोमेन जानेवारी २०२१ मध्ये चोरीला गेल्याचे उघड झाले आणि थोड्याच दिवसांत ते १,९०,००० डॉलरला विक्रीस लावलेले आढळले. ते चालवणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे खात्यात शिरकाव सप्टेंबर २०२० मध्येच झाला होता. डोमेनच्या मालकाचा तपशील बदलला, की साधारणपणे साठ दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. तेवढा काळ चोरांनी गुपचूप जाऊ दिला असावा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डोमेन परत मिळाले, पण पर्लच्या मंडळींची या क्षेत्रात ओळख होती, तशी इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याची नसते.

क्लाउडफ्लेअरने ही सेवा २०१८ मध्ये जाहीर केली. तिचे वैशिष्ट्य असे, की डोमेन घाऊक दरानेच, म्हणजे रजिस्ट्रारला पडते त्याच किमतीत, मिळते आणि नूतनीकरणाच्या वेळी किंमत अचानक दुप्पट होत नाही. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला; त्यावर आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचे काही सेंट शुल्क लागते. मालकाचा पत्ता आणि फोन सार्वजनिक नोंदीत झाकण्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

सुरक्षेच्या बाबतीत पहिली जमेची बाजू म्हणजे ट्रान्सफर लॉक (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊ न देणारे कुलूप) आपोआप लागलेला असतो. आयकॅनच्या लुकअप पानावर आपले डोमेन टाकून पाहा; स्थितीच्या रकान्यात ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असे दिसले, तर कुलूप लागलेले आहे असे समजावे. डोमेन बाहेर न्यायचे तर हे कुलूप काढावे लागते आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्यासाठीचा गुप्त संकेत, मिळवावा लागतो. मात्र ही दोन्ही कामे खात्यात शिरलेला माणूस करू शकतो, म्हणून खरी राखण खात्याचीच करावी लागते. लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्यासाठी इथे फोनवर कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप किंवा हार्डवेअर की (ओळख पटवणारे किल्लीसारखे छोटे उपकरण) वापरता येते. सिम परस्पर बदलून घेऊन ओटीपी पळवण्याचे प्रकार पाहता, एसएमएसवर अवलंबून राहावे लागत नाही हे मला फार मोलाचे वाटते. वेबसाइटचे काम करणाऱ्याला पासवर्ड न देता सदस्य म्हणून जोडता येते, आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद ऑडिट लॉगमध्ये राहते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन गेले की त्यावरची डाकही चोराच्या हाती जाते, आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे त्यालाच मिळू लागतात. तो ईमेल मालकाचा स्वतःचा हवा, वेबसाइट बनवून देणाऱ्याचा नव्हे. माझ्याकडे आलेल्या एका दुकानदाराचे डोमेन आधीच्या डिझायनरने स्वतःच्या नावाने घेतले होते. कागदोपत्री मालक तोच असल्यामुळे ते सोडवून घेताना दुकानदाराला अक्षरशः त्याच्या विनवण्या कराव्या लागल्या.

उणिवाही गंभीर आहेत. इथे घेतलेल्या डोमेनसाठी नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या संगणकावर आहे हे सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरचेच वापरावे लागतात, त्यामुळे नोंदणी, डीएनएस (नावावरून वेबसाइट शोधून देणारी यंत्रणा) आणि बहुधा वेबसाइटचे संरक्षण हे सगळे एकाच लॉगिनवर येऊन ठेपते. मोफत प्लॅनवर अडचणीच्या वेळी फोनवर माणूस मिळत नाही, आणि चोरीच्या प्रसंगी तासातासाला महत्त्व असते. रजिस्ट्रीच्या, म्हणजे डॉट कॉमसारख्या प्रकारातल्या सगळ्या डोमेनची मूळ नोंद सांभाळणाऱ्या संस्थेच्या, पातळीवरचे कुलूप (रजिस्ट्री लॉक), जे उघडण्यापूर्वी मालकाची वेगळ्या मार्गाने खातरजमा केली जाते, ते फक्त मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे डोमेन रजिस्ट्रारच्या बाजूने झालेल्या घुसखोरीमुळे भलतीकडे वळवले गेले होते. अशा वेळी मालकाचा स्वतःचा पासवर्ड कितीही भक्कम असला तरी उपयोग नसतो. तिथे रजिस्ट्रीचे कुलूपच कामी येते.

भारतीय ग्राहकांनी नूतनीकरणाकडेही नीट लक्ष द्यावे. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांनंतर परदेशी कंपन्यांची कार्डावरची आपोआप वसुली अनेकदा अडते. मुदत संपून मोकळे झालेले डोमेन दुसऱ्या कोणी रीतसर घेतले, तर ती चोरीही ठरत नाही आणि तक्रारीला जागा उरत नाही. डॉट कॉम जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते. निदान तीन-चार वर्षांचे पैसे आधीच भरून टाकावेत.

दुकान, छोटा प्रकाशक, शाळा किंवा मंडळ यांना मी ही सेवा बिनदिक्कत सुचवीन, मात्र हार्डवेअर की घेण्याच्या अटीवर. पतसंस्था किंवा रोज ऑनलाइन पैसे स्वीकारणारा मोठा व्यवसाय असेल, तर जादा पैसे मोजून रजिस्ट्री लॉक देणारा रजिस्ट्रार शोधावा. सहकारी बँकांपुढे हा पर्यायच नाही: रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना डॉट बँक डॉट इन या डोमेनवर जाण्यास सांगितले, आणि त्याची नोंदणी केवळ हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेकडे होते.