गाडीचं वायरिंग आणि सर्किट बोर्ड, दोन्हींसाठी एकच मल्टीमीटर घ्यायचा तर कोणता?

दोन्ही कामं करणाऱ्याला एकच पण दर्जेदार मीटर घ्यायचा असेल, तर समोर साधारण दोन पर्याय येतात. एक म्हणजे खास गाड्यांसाठी बनवलेला मीटर, ज्यात आरपीएम, ड्वेल (इग्निशनचे पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते), इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची पल्स मिलिसेकंदांत वगैरे मिळतं. फ्लूक ८८-व्ही हा त्यातला नावाजलेला. दुसरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि औद्योगिक कामाचा मीटर, फ्लूक ८७-व्ही किंवा ब्रायमेन बीएम-८६९एस यांच्या पंगतीतला. व्होल्ट आणि ओहम दोन्हींकडे नीट मोजले जातात, त्यामुळे तिकडे वळत नाही. मी दोन्ही प्रकार वापरलेत, त्यावरून लिहितो.

आरपीएमसाठी पहिला प्रकार घेणारे बरेच आहेत. पण आता आरपीएम ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणाऱ्या यंत्रावर दिसतो. शिवाय आरपीएम मोजायची मीटरची क्लिप स्पार्क प्लगच्या वायरवर लावायची असते, आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेल्या इंजिनात ती वायरच नसते. ड्वेल तर पॉइंटवाल्या जुन्या इंजिनांपुरताच. तशा गाड्या तुमच्या हाताखालून नेहमी जात असतील, तर गाडीचाच मीटर घ्या, त्यात वाद नाही.

बॅटरी उतरण्याची तक्रार मात्र जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांची. गाडी बंद करून मीटर सिरीजमध्ये (बॅटरीची वायर सोडून तिच्या मधोमध) लावायचा, सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपेपर्यंत थांबायचं, याला कधी कधी अर्धा-पाऊण तासही लागतो. त्यानंतर उरणारा करंट साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. इथे मिलीअँपिअरच्या सॉकेटमध्ये प्रोब लावून सुरुवात केली आणि चुकून दार उघडलं, तर मीटरचा फ्यूज उडू शकतो. १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावला तर बऱ्याच मीटरांवर शेवटचा आकडा १० मिलीअँपिअरचा असतो, म्हणून मध्येच प्रोब बदलायचा मोह होतो; आणि बदलताना सर्किट तुटलं की मॉड्यूल जागे, पुन्हा पहिल्यापासून थांबा. ८७-व्ही अँपिअरच्या सॉकेटमधूनही १ मिलीअँपिअरपर्यंत दाखवतो. म्हणजे प्रोब हलवायचं कारणच उरत नाही. बोर्डावरच्या कामाला मायक्रोअँपिअरची रेंज लागते, ती गाड्यांच्या अनेक मीटरांत नसते.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावरही झाला नाही. तो झाला कंटिन्युइटीच्या बीपवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की मीटर वाजतो त्यावर.

माझ्याकडचा गाड्यांसाठीचा मीटर (कंपनीचं नाव घेत नाही) बाकी सगळ्याला चोख होता, पण प्रोब टेकल्यावर किंचित थांबून मग वाजायचा. माहितीपत्रक वाचताना असल्या गोष्टीकडे कुणाचं लक्षही जात नाही. डॅशबोर्डखाली उताणं पडून, एक प्रोब वायरच्या टोकाला अडकवून दुसरा कपलरच्या पिनांवरून फिरवायला लागलं की ती डोक्यात जाते. प्रोब पुढच्या पिनेवर गेलेला असतो आणि बीप आधीच्या पिनेचा येतो, नाहीतर येतच नाही. मग प्रत्येक पिनेवर थांबा, ऐका, पुढे जा. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून आतून तुटलेली वायर शोधताना तर याहून वाईट: तार निमिषभर सुटून पुन्हा चिकटते, मीटरला त्याचा पत्ताच नसतो, आवाज सलग चालू राहतो आणि आपण ती वायर चांगली समजून दुसरीकडे शोधत बसतो. आयसीच्या बारीक पायांमधलं सोल्डर शॉर्ट शोधतानाही तेच.

८७-व्ही एका मिलिसेकंदाइतका तुटलेला किंवा जुळलेला संपर्कही पकडतो, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं आहे. ते मी मोजून पाहिलेलं नाही, पण हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. प्रोब टेकताक्षणी आवाज, उचलताक्षणी बंद. नजर पिनेवर ठेवून नुसत्या कानावर काम होतं, आणि अवघड जागी तेच हवं असतं.

गाड्यांचे सगळेच मीटर असे संथ असतात असं मी म्हणणार नाही. माझा अनुभव मी वापरलेल्या मीटरांपुरताच. ब्रायमेनचंही खास आकर्षण आहे: दोन आकडे एकदम दाखवणारी स्क्रीन आणि ५ लाख काउंटपर्यंतचं रेझोल्यूशन (काउंट जितके जास्त, तितका बारीक फरक दिसतो). टेबलावरचं काम जास्त असेल तर तो जरूर बघा. माझं काम अर्धं बॉनेटखाली चालतं, म्हणून माझा हात आपोआप ८७-व्हीकडे जातो.

कोणताही घ्या, पण घेण्याआधी तो कंटिन्युइटीवर ठेवा आणि एका प्रोबचं टोक दुसऱ्यावर भराभर टकटक आपटून बघा. जितके ठोके तितके बीप आले पाहिजेत. दोन-तीन ठोक्यांना मिळून एकच बीप आला, तर तो मीटर परत ठेवा.