बॉयलरचा आवाज, काळं पाणी आणि गेलेले सहाशे पाउंड (यूकेतल्या मंडळींनी जरूर वाचा)

थंडी सुरू झाली की इकडे घरोघरी हीटिंग चालू होतं आणि जुन्या घरांमधून ठकठक, घरघर असले आवाज यायला लागतात. त्या आवाजाच्या भीतीवर पैसे काढणारे लोक आहेत, आमचे काढलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. विशेषतः ज्यांनी रेडिंग, स्लाव बाजूला नुकतं जुनं घर घेतलंय त्यांच्यासाठी.

आमचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे रेडिएटरचं आणि नळाचं गरम पाणी एकाच यंत्रातून. सकाळी हीटिंग लागलं की थोड्या वेळाने जमिनीखालून कोणीतरी हातोडीने ठोकतंय असा आवाज, आणि हीटिंग बंद झालं की परत तसाच. घरात लहान बाळ, गॅसचं काम, मग नवऱ्याने ऑनलाइन जाहिरात बघून माणूस बोलावला. आला, बॉयलरचं कव्हर उघडलं, पाच मिनिटं कान लावला आणि म्हणाला केटलिंग आहे (बॉयलरमध्ये किटलीत पाणी उकळल्यासारखा आवाज), हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, क्षार बसलेत, पॉवरफ्लश, म्हणजे सगळी सिस्टिम मशीनने आतून धुणं, करावाच लागेल. आता आमच्या या टेम्स व्हॅलीत पाणी खरंच क्षाराचं, आपल्या चहाच्या किटलीत पांढरा थर दिसतोच, त्यामुळे ते पटण्यासारखंच होतं.

पुढचा भाग नीट वाचा. त्याने एका रेडिएटरमधून बाटलीभर पाणी काढून दाखवलं, काळंकुट्ट! बघा म्हणे तुमच्या सिस्टिमची अवस्था. अहो, रेडिएटर आतून स्टीलचे असतात, त्यांच्या गंजाची काळी भुकटी पाण्यात उतरते, जुन्या घरातल्या जवळपास कुठल्याही रेडिएटरमधून पहिलं पाणी काळंच निघतं. त्याचा आवाजाशी संबंध असेलच असं अजिबात नाही. त्या बाटलीवर सहाशे पाउंड घेतले, तेही बँक ट्रान्सफर, कार्ड नको म्हणाला. खरा पॉवरफ्लश म्हणजे मोठं मशीन जोडून एकेक रेडिएटर धुतात, कित्येक तास जातात, घाण पाणी ड्रेनमध्ये सोडतात. याने काहीतरी केमिकल ओतलं, छोटा पंप थोडा वेळ फिरवला आणि गेला.

आवाज तसाच. परत बोलावला तर आता बॉयलरच गेलाय, नवीन बसवा, आजच सही केली तर डिस्काउंट. तिथे मी नाही म्हटलं.

ओळखीच्या एका मराठी काकूंनी त्यांचा इंजिनिअर पाठवला. त्याने काहीही उघडण्याआधी विचारलं, नुसता गरम पाण्याचा नळ सोडल्यावर आवाज येतो का? येत नव्हता. कॉम्बीमध्ये नळ सोडला की बॉयलर पेटतो पण गरम पाणी रेडिएटरच्या पाइपांत जात नाही, म्हणजे बॉयलरपेक्षा पाइपांवर संशय जास्त. वरच्या खोलीतला कार्पेट आणि एक फ्लोअरबोर्ड उचलला तर तांब्याचा पाइप लाकडी जॉइस्टच्या (फळ्यांखालच्या तुळईच्या) खाचेत घट्ट अडकलेला. तांबं तापलं की लांबतं, दहा मीटरचा पाइप पन्नास डिग्रीने तापला तर साधारण आठ मिलिमीटर, आणि जागा नसली की अडकून अडकून सुटतो, तोच तो ठोका. खाच थोडी मोठी केली, खाली फेल्ट घातलं, आवाज बंद, बिल एका व्हिजिटचं.

मग पहिल्या माणसाचा गॅस सेफ नंबर (गॅसची कामं करायला इथे कायद्याने लागणाऱ्या नोंदणीचा) त्यांच्या वेबसाइटवर टाकला तर रजिस्टरवर नाहीच. कार्ड त्याने लांबूनच हलवलं होतं. खऱ्या कार्डावर फोटो असतो आणि मागच्या बाजूला कुठल्या कामांची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, बॉयलर त्यात हवा. कव्हर उघडायच्या आधी कार्ड हातात घेऊन बघा, खरा इंजिनिअर चिडत नाही. आणि शंभर पाउंडांच्या वरचं काम असेल तर क्रेडिट कार्डच द्या, १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीकडे पैसे मागता येतात, ट्रान्सफरला ते संरक्षण नाही. म्हणूनच त्याला कार्ड नको होतं, मला तरी याची खात्री आहे.

गॅस सेफकडे तक्रार केलीय, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या कन्झ्युमर हेल्पलाइनलाही सांगितलंय, ते पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या कौन्सिलच्या विभागाला, कळवतात. पैसे अजून आलेले नाहीत. त्याची जाहिरात परवा परत दिसली, कंपनीचं नाव नवीन आणि व्हॅनचा फोटो तोच. तुमच्याकडे असा कोणी येऊन बाटलीत काळं पाणी दाखवून गेला असेल तर मला मेसेज करा, तक्रारीत तुमचाही अनुभव जोडू.