डीडीजे-एफएलएक्स४ : घरच्या टेबलापासून मिरवणुकीच्या ट्रकपर्यंत

पुणे, कोल्हापूर, नाशिक, नगर, कुठेही जा, घरच्या टेबलावर डीजे शिकणारी पोरं वाढली आहेत. मशीन घ्यायची वेळ आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं मशीन, घेऊ का? शिकायला हवा असेल तर डोळे मिटून विकत घ्या. मंडळाच्या डॉल्बीला जोडायचा असेल तर मात्र आधी तो उलटा करून त्याची पाठ बघा. मास्टर आउटपुट (मुख्य आवाज बाहेर देणारी जागा) म्हणून तिथे आरसीएची, म्हणजे घरच्या उपकरणांना असते तशी लाल-पांढरी, एकच जोडी आहे; मोठ्या साउंडला लागणारी तीन पिनांची एक्सएलआर नाही. बूथ मॉनिटरसाठी, म्हणजे डीजेने स्वतः ऐकायच्या स्पीकरसाठी, वेगळं आउटपुटही नाही. या मशीनचं बरंवाईट बरंचसं तिथेच ठरतं.

दोन्ही ठिकाणचा विचार करावा लागतो, कारण आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत दोन वाटांनी वाढलं. एक वाट गोव्याच्या किनाऱ्यावरची. नव्वदच्या दशकात हणजूणच्या पार्ट्यांतून गोवा ट्रान्स जगभर गेला, २००७ साली कांदोळीला सनबर्न हा महोत्सव सुरू झाला आणि २०१६ साली तो पुण्याजवळ केसनंदला आला. दुसरी वाट मिरवणुकीची : हलगी, संबळ, बेंजो, त्यावर चढवलेला किक (बेस ड्रम) आणि सिंथ, आणि स्पीकरच्या भिंतीची ताकद दाखवायला खास बनवलेले 'साउंड चेक'चे ट्रॅक. आता या वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत. शनिवारी कॅफेत हाउस हा क्लबचा प्रकार वाजवणारा पोरगा विसर्जनाला ट्रकवर उभा असतो. त्यामुळे नुसतं क्लबच्या मापाने केलेलं परीक्षण त्याच्या कामाचं नाही.

आधी चांगलं काय ते. २०१८ च्या डीडीजे-४०० नंतर कंपनीने हे मॉडेल आणलं. दोन चॅनेल, प्रत्येक डेकला आठ पॅड, आणि बटणांची मांडणी क्लबमधल्या सीडीजे प्लेअर आणि मिक्सरच्या वळणाची. इथे हाताला लागलेली सवय तिथे मोडावी लागत नाही, हा याचा सगळ्यात मोठा गुण. रेकॉर्डबॉक्स या कंपनीच्याच सॉफ्टवेअरचा परफॉर्मन्स मोड (थेट वाजवायचा भाग) मशीन जोडलं की उघडतो, त्यासाठी महिन्याचे पैसे नाहीत. सेराटो डीजे लाइट हे दुसरं सॉफ्टवेअरही चालतं, प्रो हवं असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो. वजन दोन किलोच्या आसपास, पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉपसोबत मावतं.

ट्रकवर आणखी एक गुण कळतो. लॅपटॉपला जोडलं की मशीन यूएसबीवरच चालतं, त्याला वेगळी वीज लागत नाही. जनरेटर बसला तर ॲम्प्लिफायर बंद पडतात, पण लॅपटॉप बॅटरीवर असल्याने गाणं जागच्या जागी चालू राहतं. वीज परत येण्याआधीच मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घ्यायचा, वीज आली की ॲम्प्लिफायर स्थिर होऊ द्यायचे आणि मग आवाज हळूहळू चढवायचा. हे न करता थेट वीज सोडली तर बसणारा दणका टॉपच्या, म्हणजे वरच्या उंच स्वरांच्या स्पीकरच्या, ड्रायव्हरना सोसत नाही.

आता ती पाठ. आरसीएचा सिग्नल अनबॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण न रोखणारा) असतो आणि त्याची पातळीही घरगुती उपकरणांची. साउंडवाल्यांच्या मिक्सरला अपेक्षित असलेली व्यावसायिक पातळी त्याहून सुमारे १२ डेसिबल वर असते. केबल तीन मीटरपर्यंत असेल तर काम भागतं. ट्रकच्या टपावरून खालच्या रॅकपर्यंत दहा-पंधरा मीटर आरसीए ओढली की ती अँटेनासारखी वागते आणि जनरेटरची सगळी घरघर भिंतीतून ऐकू येते.

गुणगुण कुठून येते ते दोन मिनिटांत शोधता येतं. गाणं थांबवा, मास्टर वर ठेवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज त्याच क्षणी गेला तर दोष चार्जरच्या वाटेने तयार झालेल्या अर्थ लूपचा, म्हणजे अर्थच्या दोन वाटा जुळून झालेल्या फेऱ्याचा, आहे. नाही गेला तर केबल किंवा मिक्सरकडची बाजू तपासा. उपाय म्हणजे आरसीए आत आणि एक्सएलआर बाहेर असलेला स्टिरिओ लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तो मशीनशेजारीच ठेवायचा : त्याच्या अलीकडे आरसीए जेमतेम एक मीटर, पलीकडे एक्सएलआर बरीच लांब चालते. पॅसिव्ह डीआय बॉक्सनेही गुणगुण जाते, पण तो सिग्नल माइकच्या पातळीपर्यंत खाली आणतो, म्हणून मिक्सरवर लाइन इनपुटऐवजी माइक इनपुट वापरून गेन द्यावा लागतो. हे माहीत नसलं की 'बॉक्स लावला आणि आवाजच गेला' अशी तक्रार होते. प्लगची अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारे अजूनही आहेत. ते कधीही करू नका. पावसात, लोखंडी ट्रकवर, जनरेटरच्या विजेवर ती पिन जीव वाचवते.

डावी-उजवी बाजू एकत्र करायला वाय केबल घालू नका, त्यात दोन आउटपुट एकमेकांवर भिडतात. मिक्सरचे दोन चॅनेल घ्या आणि दोन्हींचा पॅन (डावं-उजवं ठरवणारं बटण) मध्यावर ठेवा. भिंत मोनोतच (डावी-उजवी बाजू एकच) लावलेली असेल तर आपले ट्रॅक घरी मोनोत ऐकून घ्या. रुंद केलेले सिंथ मोनोत एकमेकांना खोडतात आणि हेडफोनवर भव्य वाटलेला ड्रॉप (बीट जोरात कोसळते ती जागा) रस्त्यावर पोकळ निघतो.

आवाजाच्या मीटरवरच्या लाल दिव्याचंही तसंच. ट्रिम (चॅनेलची पातळी ठरवणारं बटण) इतकाच ठेवा की सर्वांत जोरकस जागीसुद्धा मीटर लाल होणार नाही. मास्टरही लालच्या खाली ठेवा, बाकीचा आवाज साउंडवाल्याकडून घ्या. सॉफ्टवेअरमध्येच सिग्नल छाटला गेला तर पुढे कितीही महागडी भिंत असली तरी आवाज फाटलेलाच येतो, आणि सपाट झालेल्या त्या लहरी टॉपचे ड्रायव्हर जाळतात.

मशीनइतकंच महत्त्व बीटग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअर गाण्याच्या ठोक्यांवर आखतं त्या रेघांना, आहे, कारण सिंक (लय आपोआप जुळवणं), लूप, क्वांटाइझ (क्यू-लूप ठोक्यावर बसवणं) आणि बीट एफएक्स (ठोक्याशी जुळणारे इफेक्ट) हे सगळं तिच्यावर चालतं. संगणकावर बनलेला हाउस ट्रॅक रेकॉर्डबॉक्समध्ये टाकला की ग्रिड बहुधा अचूक बसते. हाताने वाजवलेलं जुनं कोळीगीत टाका आणि वेव्हफॉर्म मोठा करून बघा. पहिल्या ठोक्यावर रेघ नेमकी बसलेली दिसते, अर्ध्या मिनिटाने ती हलगीच्या टोकापासून केसभर सरकलेली असते, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत दोन ठोक्यांच्या मध्ये जाऊन पडते. वाजवणारे क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवत नव्हते, रंगात आले की लय चढायची. दोष गाण्याचा नाही. सगळ्या गाण्याला एकच बीपीएम (मिनिटाचे ठोके) धरणाऱ्या नॉर्मल विश्लेषणाचा आहे. अशा गाण्यांसाठी विश्लेषणाचा मोड डायनॅमिक करून पुन्हा ॲनालाइझ करा आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी ग्रिड डोळ्यांनी तपासा.

सहा मात्रांच्या गाण्यांत वेगळीच फसगत होते. १०० ची लय सॉफ्टवेअर १५० वाचू शकतं. तिथे दुप्पट-निमपट करण्याचा उपयोग नाही, टॅप करून लय हाताने द्यावी लागते. एवढं करूनही ग्रिड पक्की वाटत नसेल तर त्या गाण्यापुरते सिंक आणि क्वांटाइझ बंद ठेवा आणि हलगी जिथे एकटी सुरू होते तिथे हॉट क्यू (पॅड दाबून उडी मारायची खूण) लावा. गाण्यात शिरायचं ते कानाने आणि जॉगने, म्हणजे मशीनवरच्या फिरत्या चकतीने.

आणखी एक चूक फार ऐकू येते. १०४ चं गाणं १२८ च्या हाउसमध्ये बसवायला वेग २३ टक्के वाढवतात. मास्टर टेम्पो लावल्याने सूर जागेवर राहतो, पण ताशाची थाप चिरडून पिठासारखी होते. सहा-आठ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. मध्ये ११०, ११६, १२२ अशी गाणी लावत चढा, नाहीतर बीट एफएक्सचा एको देऊन पहिलं गाणं सोडून द्या आणि नवं स्वच्छ सुरू करा. मिरवणुकीत ही तोड शोभते, लोकांना श्वास घ्यायला जागा मिळते.

स्मार्ट फेडर ही सोय फेडर सरकवताना आवाज, बेस आणि बीपीएम आपोआप जुळवते. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून ठीक आहे, नंतर बंद करा. दोन किक आणि दोन बेस एकाच वेळी वाजले की चिखल होतो, म्हणून येणाऱ्या गाण्याचा लो (बेसचं बटण) खाली ठेवायचा आणि फ्रेजच्या, म्हणजे गाण्याच्या नव्या तुकड्याच्या, तोंडावर दोन्ही लो एकदम बदलायचे. १२८ बीपीएमला १६ बार (प्रत्येकी चार ठोके) म्हणजे नेमके ३० सेकंद. हे ३० सेकंद अंगात मुरले की स्क्रीनकडे बघावं लागत नाही, आणि तेवढ्यासाठी हात स्वतःच चालवला पाहिजे.

जॉग हलके, प्लॅस्टिकचे. स्क्रॅच शिकण्यापुरते पुरतात, त्यात वजनदार जॉगचा भरवसा नाही. फेडर घरी उत्तम चालतात, पण त्यांचा शत्रू गुलाल. जेजुरीकडच्या कामात भंडारा. ही पूड फटीत गेली की फेडरचं वाचन अडखळतं आणि आवाज पायरी चुकल्यासारखा उडी मारतो. मशीनच्या मापाचं कडक झाकण घ्या, दोन गाण्यांत उसंत असेल तेव्हा ते ठेवा, आणि काम संपल्यावर मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलं तर गुलालाचा चिखल आत जातो. घरातलं गंज काढायचं तेल फेडरमध्ये मारू नका.

साउंड कार्ड मशीनच्या आतच असल्याने यूएसबी निसटली की आवाज त्याच क्षणी बंद. केबलला एक वळसा देऊन ती टेबलाला गॅफर टेपने चिकटवा, स्वस्त हब मध्ये घालू नका. लॅपटॉपमध्ये एसएसडीच हवी, फिरणारी हार्ड डिस्क बेसच्या हादऱ्याने वाचताना अडकते. बफर (आवाज पाठवण्याआधी साठवायचा तुकडा) २५६ सॅम्पलवर ठेवलं तर ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ६ मिलिसेकंद उशीर होतो. तडतड आली तर ५१२ करा. वाय-फाय आणि बॅटरी सेव्हर दोन्ही बंद ठेवा.

क्लबच्या सीडीजेवर जाणार असाल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ करून रेकॉर्डबॉक्समधून एक्स्पोर्ट करा, एनटीएफएस तिथे वाचली जात नाही. जुने प्लेअर फ्लॅक फाइल वाचत नाहीत, ३२० केबीपीएसची एमपी३ सगळीकडे चालते. व्हिडिओवरून उतरवलेली गाणी मात्र भिंतीवर लगेच उघडी पडतात : वरचा चकाकता भाग छाटलेला असतो आणि झांज पत्र्यासारखी वाजते.

सेट आखताना घड्याळही धरा. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतो. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भिंतीसमोर उभे राहणार असाल तर इअरप्लग घाला. १०० डेसिबलला कानांची सुरक्षित मुदत साधारण १५ मिनिटं धरतात, मिरवणूक तासन्‌तास चालते.

घर, कॅफे, छोटं लग्न आणि कॉलेजचा कार्यक्रम एवढंच करायचं असेल तर एफएलएक्स४ पुरेसा आहे, वरचं मॉडेल घेऊन पैसे अडकवू नका. वर्षाला दहा-बारा मिरवणुका पक्क्या असतील तर एक्सएलआर आणि बूथ आउटपुट असलेलं मशीन बघा, तोवर हाच वापरून ट्रान्सफॉर्मर, कडक झाकण आणि जादा यूएसबी केबल बॅगेत ठेवा. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल घेताना कनेक्टर उघडून सोल्डर बघून घ्या. आणि मशीन कुठूनही घेतलंत तरी दुकानातच लॅपटॉपला जोडून दोन्ही टेम्पो स्लायडर, सगळे फेडर आणि सोळाही पॅड चालवून बघा, मगच सिरीयल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घेऊन बाहेर पडा.