आई-बाबा कॅनडात, मूल आजीकडे: बडोद्यातल्या ओल्ड पादरा रोडवरच्या काउन्सेलिंग सेंटरचा अनुभव

चार स्टार. पाचवा का नाही ते पुढे येईलच.

भाऊ-वहिनी टोरांटोजवळ आहेत, दोघांच्या शिफ्ट आणि तिकडची भाडी बघता आठ वर्षांच्या भाच्याला तूर्तास माझ्या आई-बाबांकडे, म्हणजे त्याच्या आजी-आजोबांकडे, दांडिया बाजारात ठेवलंय. पोरगा तसा शहाणा, रडत नाही, पण सकाळी शाळेची व्हॅन यायच्या वेळेला बरोब्बर पोटात दुखायला लागायचं. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही, मग मुलांच्या डॉक्टरांनीच इथे पाठवलं.

मला वाटलेलं मुलाला खोलीत बसवून खेळणी देतील, चित्रं काढायला लावतील आणि बिल हातात ठेवतील. खेळणी होतीच, पण काउन्सेलर मॅडमनी पहिले आजी-आजोबांना वेगळं बोलावलं आणि भाऊ-वहिनीला व्हिडिओवर घेतलं आणि अर्धा वेळ फक्त फोन कधी करता, काय बोलता हेच विचारत बसल्या. निघालं असं की भाऊ दुपारी बाराच्या लंच ब्रेकमध्ये फोन करायचा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेल्यावर त्याच लंच ब्रेकला इथे साडेदहा वाजायला लागले. आजीला कोण सांगणार हे. पोरगा टॅब मांडीवर घेऊन वाट बघत झोपून जायचा आणि कोणाला काही बोलायचा नाही, त्याच्या डोक्यात पप्पा विसरले एवढंच. आता फोन सकाळी सातला असतो, तिकडे रात्र असते, दोघं घरी असतात आणि घड्याळं कशीही फिरली तरी जमतं.

दुसरं म्हणजे फोनवर 'मम्माला मार्क सांग, श्लोक म्हणून दाखव' हे बंद करायला सांगितलं. आणि 'पप्पा तुझ्यासाठीच गेलेत रे' हे तर अजिबात म्हणायचं नाही, कारण मग मुलाला वाटतं आपल्यामुळेच गेले. आजीला हे पटायला वेळ लागला, तिचं म्हणणं आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मॅडम तिच्याशी इतक्या शांतपणे बोलल्या की तिने घरी येऊन स्वतःहून आजोबांना दम दिला 😄 'लवकर येतील' पण बंद, तारीख नक्की नसेल तर नक्की नाही असंच सांगायचं.

पोटदुखी पूर्ण गेली असं म्हणणार नाही, सोमवारी अजून होते. पण व्हॅन चुकत नाही.

ज्यांना हे लाड वाटतात त्यांच्यासाठी: द लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली १११ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा आई-बाप कामासाठी लांब गेलेल्या मुलांत डिप्रेशनचा धोका ५२ टक्के आणि अँग्झायटीचा ८५ टक्के जास्त निघाला. बहुतेक अभ्यास चीनमधले आहेत त्यामुळे आकडा जसाच्या तसा बडोद्याला चिकटवू नका, पण पैसे पाठवले की मूल आपोआप ठीक राहतं हा समज सोडा.

आता कापलेला स्टार. संध्याकाळच्या वेळा मिळतच नाहीत म्हणजे दर वेळी शाळा बुडवा, फॉर्म फक्त इंग्रजीत (आजी गुजराती फाडफाड वाचते, तो तरी द्या), आणि फी आम्हाला परवडते म्हणून ठीक. दाहोद-छोटा उदेपूरकडून इथे बांधकामावर येणाऱ्या लोकांची पोरं पण मागे गावात आजीकडेच असतात, त्यांना हे कुठून जमणार. त्यांच्यासाठी सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट. मूल खरंच अडचणीत असेल, घरात मारहाण वगैरे, तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

बाकी स्टाफ चांगला, एसी जरा जास्तच. शनिवारच्या अपॉइंटमेंटसाठी सोमवारी सकाळीच फोन करा आणि पार्किंग मागच्या गल्लीत बघा.